आधी देव बरें करूं



चौथीत असताना मी मराठीच्या निबंधात लिहिले होते, 'माझे पाय ट्रक चालवतात.' बाईंनी त्याभोवती लाल शाईने गोल करून शेजारी मोठे प्रश्नचिन्ह काढले. आमच्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत वडलांना 'पाय' आणि आईला 'मांय' म्हणतात, हे बाईंना ठाऊक होतेच, त्या डिचोलीच्याच होत्या. पण मराठीच्या वहीत ते चालणार नव्हते. आमच्या घरी शाळेची भाषा मराठी, प्रार्थनेची कोकणी आणि काळजीची दोन्ही.

या वेळी काळजीबद्दलच लिहितो आहे. मध्यंतरी आमच्या टीममधली चार माणसे एका दिवसात कमी झाली. सकाळी चॅटवर होती, संध्याकाळी त्यांची खाती बंद. माझे नाव त्यात नव्हते, पण माझी झोप त्यांच्याबरोबर गेली. पहाटे तीनला उठून मेल बघायचे, घराचा हप्ता अजून किती वर्षे आहे ते मोजायचे (रोज तेवढीच असतात!) आणि पुन्हा आडवे व्हायचे. मांयला मी फोनवर काही बोललो नव्हतो. तरी तिने विचारलेच, "तेर्स चालू आहे ना रे?"

तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना. ज्यांनी ऐकली नसेल त्यांना प्रोग्रामरच्या भाषेत सांगतो: पाच फेऱ्यांचा एक लूप, आणि त्याच्या आत दहाचा दुसरा. दहा वेळा नमान मोरिये, मग पुढची फेरी. लहानपणी मला हे फार कंटाळवाणे वाटे. एकच ओळ पन्नास वेळा म्हणून देवाला काय नवे कळणार? शेवटी मोठ्यांचे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेतले की पळायचे.

आमच्या घरी मात्र मांयने त्यात एक नियम घातला होता. देवाकडे काही मागण्याआधी प्रत्येकाने त्या दिवसाबद्दल एक 'देव बरें करूं' म्हणायचे. गोव्यात आभार मानायला हेच शब्द वापरतात, देव तुझे भले करो. हिंदू असो वा ख्रिस्ती, दुकानात सुटे पैसे परत घेतानाही आपण खरे तर प्रार्थनाच करत असतो. मांयची अट अशी की गोष्ट आजचीच हवी आणि नेमकी हवी. 'आरोग्य दिलेस, घर दिलेस' असले मोघम काही चालत नसे.

हा नियम खरा कसाला लागला तो २०१२ मध्ये. त्या वर्षी मी बीई झालो. पायने दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून खनिजवाहतुकीसाठी दुसरा ट्रक घेतला होता. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. डिचोलीच्या रस्त्यांवरून दिवसभर जाणारी ट्रकांची रांग एकाएकी नाहीशी झाली आणि आमचे दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले. चाकांजवळ गवत वाढले. बंदी उठली २०१४ मध्ये, तीही उत्पादनावर मर्यादा घालून, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाल्यावर पुन्हा सारे थांबले. त्याआधीच पायने एक ट्रक मिळेल त्या किमतीला विकला होता.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला आठवते. पायची पाळी आली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आज वसुलीवाला आला नाही. देव बरें करूं." मांयला हसू आले, मग आम्हा सगळ्यांनाच. कर्ज तेवढेच होते, पण त्या रात्री पाय जेवला.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आमच्या शेजारच्या काकींचे शेत खाणीच्या खालच्या अंगाला. दर पावसाळ्यात लाल चिखल वाहून येई आणि भात बसे. खाणी बंद झाल्या तेव्हा काकींनी देवापुढे नारळ ठेवला. आम्ही ट्रक सुरू व्हावेत म्हणून मागत होतो आणि भिंतीपलीकडे त्या बंदच राहावेत म्हणून. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मला हा मोठा घोटाळा वाटला. देवाने कोणाचे ऐकायचे? मी मांयला तसे विचारलेही. ती म्हणाली, "ते त्याचे काम. तू काकींच्या भाताबद्दल देव बरें करूं म्हण आज." मी म्हटले, पण रागाने म्हटले. मागण्यातला हा पेच मला आजही सुटलेला नाही. आभारात मात्र काकी आणि आम्ही एका बाजूला येऊ शकत होतो, एवढे तेव्हा कळले.

बायबलात पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात काळजी करत न बसता देवापुढे मागणे मांडा, आणि तेही आभार मानत मांडा, अशा अर्थाचा मजकूर आहे. हे पत्र पौलाने कैदेतून लिहिले. मोकळ्या माणसाने दिलेला सल्ला असता तर मी तो कधीच सोडून दिला असता.

आमच्याकडचे कोणसाचे फेस्तही असेच आहे. रायला ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला नव्या भाताची कणसे कापून पाद्री त्यांना आशीर्वाद देतात, मग ती कणसे घरोघरी जातात. हिंदू घरांत चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, हाच मान नव्या कणसांना मिळतो. दिवस नीट बघा. पावसाळा संपलेला नसतो आणि पीक घरात आलेले नसते. एका वादळाने सारे आडवे होऊ शकते. आणि आपण आभार मानून मोकळे!

इंजिनिअर असल्यामुळे पुरावा शोधायची खोड आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. काही लोकांना कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी नियमित लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटले. मांयला सांगितले तर म्हणाली, "त्यांनी किती वेळा नमान मोरिये म्हटले?"

पण गैरसमज नको. माझी झोप तीन आठवडे परतली नाही तेव्हा मी डॉक्टरांकडेही गेलो. त्यांना भेटल्याने प्रार्थना कमी पडली असे होत नाही. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. घरातल्या तरुण मुलांना हा क्रमांक माहीत असू द्या.

मग गेल्या रविवारी आम्ही पेडण्याला, मांयच्या माहेरी गेलो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून मामाच्या अंगणातून विमानांचे दिवे दिसतात. सगळे बाल्कांवात तेर्सला बसलो. पाय आता सत्तरीचा आहे, माळ हातात घेतली की त्याची बोटे थरथरतात. माझी पाळी आली. मला नोकरीबद्दल मागायचे होते, पण नियम म्हणजे नियम. मी म्हटले, "काल रात्री मी साडेपाच तास झोपलो. देव बरें करूं."

मग माझ्या सहा वर्षांच्या मुलीची पाळी. ती विचारात पडली, आभाळाकडे बघून म्हणाली, "आज सात विमाने दिसली," आणि मामाच्या मांडीवर झोपून गेली. बेसांव घ्यायचे राहिलेच तिचे.