दुधनीतील खड्डे : तक्रार घेणारे एकच दप्तर ठरवून द्यावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, सोलापूर
मार्फत : मा. तहसीलदार साहेब, अक्कलकोट

विषय : दुधनी शहर व बाजारपेठेच्या रस्त्यांवरील खड्ड्यांची तक्रार नोंदवून मुदतीत दुरुस्ती होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दुधनीतील रहिवासी, शेतकरी, अडते, हमाल व रिक्षाचालक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

खड्डे सगळीकडेच पडतात, हे आम्हांस कळते. आमचे गाऱ्हाणे थोडे वेगळे आहे. खड्डा पडल्यावर सांगायचे कोणाला, इथेच आमचे घोडे अडते. एका कार्यालयात गेलो तर हा रस्ता आमच्याकडे नाही म्हणून सांगतात. दुसरीकडे वर्ग झाल्याचे कागद आलेले नसतात. गावातले रस्ते नगरपरिषदेचे, अक्कलकोट-मैंदर्गीकडचे आणि कर्नाटक हद्दीकडचे रस्ते दुसऱ्या खात्यांचे, स्टेशनालगतचा भाग रेल्वेचा. ही वाटणी कागदावर स्वच्छ असेलही. पण खड्डा नेमका हद्दीवर पडला की तो कोणाचाच राहत नाही. शेवटी लोकच त्यात बाभळीची फांदी रोवतात. रात्री गाडीच्या दिव्यात ती फांदी दिसली तर ठीक, नाही तर पाण्याने भरलेला खड्डा रस्त्याच्या पातळीला दिसतो आणि दुचाकीचे पुढचे चाक सरळ आत जाते.

दुधनीची कृषी उत्पन्न बाजार समिती तूर, उडीद, मुगासाठी ओळखली जाते. हंगामात आपल्या तालुक्याबरोबर आळंद, अफझलपूरकडचाही माल इथे येतो. त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने धावतात. लोकसंख्या बघून गाव लहान वाटते, पण रस्त्यावर पडणारा भार बाजारपेठेचा आहे. दुरुस्तीचा निधी ठरवताना हे कोणी ध्यानात घेते का, अशी शंका येते. शिवाय जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गटाराचे पाणी कडेला साचून राहिले की डांबराखालचा थर सुटतो आणि बोटभर भेगेचा आठवड्यात टोपलीएवढा खड्डा होतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने जिल्ह्यातल्या रस्त्यांची काय गत केली, ते आपण जाणताच.

त्यावर इलाज म्हणून पडतो तो मुरूम! पहिल्या सरीला त्याचा चिखल होतो, उघडीप पडली की त्याचीच धूळ दुकानातल्या पोत्यांवर बसते. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, आतली माती व पाणी काढायचे, डांबराचा हात द्यायचा, खडी-डांबर भरून रोलर फिरवायचा, ही रीत अभियंत्यांना आम्ही सांगायला नको. भर पावसात गरम डांबर चालत नसेल तर थंड मिश्रणाची सोय आहे. नळासाठी रस्ता खोदल्यावर चर तसाच सोडला जातो, त्याचे तर बिल कोणत्या कामात धरतात हेच कळत नाही.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 49 प्रमाणे सार्वजनिक रस्ते सुस्थितीत ठेवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मा. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबर 2025 रोजीच्या निकालात, खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून 48 तासांत त्याची दखल घ्यावी, असे बजावले आहे. खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमीस इजेच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचाही आदेश आहे. आता 48 तास मोजायचे, तर ते कोणत्या घटकेपासून? तक्रारीची पोचच मिळत नसेल तर हा आदेश दुधनीपर्यंत पोहोचला असे आम्ही कसे म्हणावे?

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, दुधनी हद्दीतील प्रत्येक रस्ता कोणत्या खात्याकडे आहे, याची यादी आपल्या आदेशाने तयार करून गावात ठळक जागी लावावी. यादीत जबाबदार अभियंत्याचे पदनाम व कार्यालयाचा दूरध्वनी असावा. तक्रार मात्र गावातच, एका दप्तरात घेतली जावी. रस्ता दुसऱ्या खात्याचा असल्यास कागद त्या दप्तराने पुढे पाठवावा. नागरिकाला अक्कलकोट-सोलापूरच्या चकरा मारायला लावू नये. नोंदवहीत तारीख, वेळ व जागा लिहून जागच्या जागी पोच द्यावी. इथल्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते, वडीलधाऱ्यांना मराठीत अर्ज लिहिणे जमत नाही. त्यांची तोंडी तक्रार लिपिकाने मराठीत उतरवून घ्यावी.

दुसरे म्हणजे, दोषदायित्वाची मुदत अजून संपलेली नाही अशा कामांचे ठेकेदार व मुदतीची तारीख जाहीर करावी. अशा रस्त्यांवरचे खड्डे ठेकेदाराच्या खर्चाने बुजवावेत, त्यासाठी सरकारी पैसा पुन्हा खर्च होऊ नये. नळाचे चर बुजवल्याशिवाय त्या कामाचे अंतिम देयक काढू नये. बाजार समितीकडे व स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांना आधी हात घालावा, कारण बाळंतिणीला अक्कलकोटला न्यायचे असो की तुरीचे पोते बाजारात आणायचे असो, सुटका त्याच वाटेने आहे. डांबर टाकण्याआधी कडेची गटारे वाहती करावीत. ते होणार नसेल तर डांबराचा खर्च पाण्यात जाईल.

नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद व रेल्वे या सर्वांच्या अभियंत्यांना एकाच दिवशी बोलावून संयुक्त पाहणी लावावी आणि तिची तारीख आम्हांस लेखी कळवावी. खड्ड्यांच्या जागा दाखवायला आम्ही हजर राहू.

आपले विश्वासू,
दुधनीतील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, दुधनी
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर