मानाचा जमाखर्च

संगणकाच्या धंद्यांत असलेला मुलगा किंवा मुलगी आतां बहुतेक वाचकांच्या नात्यांत सांपडेल. काम अडलें कीं हीं मंडळी जेथें धांव घेत आलीं, तें 'स्टॅक ओव्हरफ्लो' नांवाचें प्रश्नोत्तरांचें सभागृह जोएल स्पोल्स्की व जेफ ॲटवुड या दोघां अमेरिकनांनीं २००८ सालीं उघडलें. उत्तर देणारास तेथें दमडीही मिळत नाहीं. मिळतात ते गुण, आणि ते कसे सांठतात हें पाहण्यासारखें आहे.

सभासदाचा आरंभ १ गुणानें होतो. उत्तर कोणास रुचलें तर दर मतामागें १०. प्रश्नकर्त्यानें तेंच ग्राह्य ठरविल्यास आणखी १५. चांगल्या प्रश्नाच्या मतास पूर्वीं ५ मिळत, २०१९ पासून तेथेंही १०. मतांची कमाई मात्र दिवसाकाठीं २०० वर थांबते. उत्तराविरुद्ध मत पडल्यास लिहिणाराचे २ गुण जातात, पण मत देणाराचाही १ जातो. परनिंदेस अशी पदरमोड करावी लागती, तर आमच्या आळींतील निम्मे ओटे केव्हांच ओस पडले असते!

तथापि या हिशेबांत एक मेख आहे. बिकट प्रश्नापायीं रात्र जागविणाराचें उत्तर समजणारेच चार. त्याच्या पदरीं ४० गुण. उलट, नित्याच्या एखाद्या क्षुल्लक अडचणीवर ज्यानें प्रथम दोन ओळी लिहून ठेविल्या, त्यास इनामी जमिनीप्रमाणें वर्षानुवर्षें उत्पन्न चालू. यास अन्याय म्हणवत नाहीं, कारण हजारोंची सोय झाली हें खरेंच. पण ते गुण उपयोगाचें माप आहेत, विद्वत्तेचें नव्हे. नोकरीच्या अर्जांत तो आंकडा वाचणारानें एवढें ध्यानांत ठेवावें.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी अवतरलें, आणि त्याचीं अस्खलित पण पुष्कळदां चुकीचीं उत्तरें आपल्या नांवें चिकटविणारांची झुंबड उडाली. डिसेंबरांतच तीं निषिद्ध करावीं लागलीं. पुढें लोक प्रश्नच यंत्रास विचारूं लागले व सभागृहांतील वर्दळ ओसरली. मे २०२४ मध्यें चालकांनीं चॅटजीपीटीच्या निर्मात्यांशीं, ओपनएआयशीं, करार केला, तेव्हां कांहीं सभासदांनीं रागानें आपलीं जुनीं उत्तरें पुसून टाकण्याचा यत्न केला. व्यवस्थेनें तीं पूर्ववत् केलीं. कारण लिहितांनाच पुनर्वापराची परवानगी दिलेली होती. गुण तेवढे ज्याच्या त्याच्या नांवावर राहिले.