ताट हवं, रोकड नको

होस्टेलवर सध्या एक कागद फिरतोय. 'मेस ऐच्छिक करा, मेसचे पैसे परत द्या, ज्याला जिथे जेवायचं तिथे जेवू द्या' अशी मागणी आणि खाली सह्या. हे लिहायला बसलो तोवर तिसरा मजला संपवून कागद चौथ्यावर गेला होता. माझी सही त्यावर नाही. "तू काय मेसवाल्याचा माणूस आहेस का बे?" असं दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून हा खुलासा.

तसं पाहिलं तर मेसची बाजू घेणं सोपं काम नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियलच्या लॅबमधे टेन्साइल टेस्टला लावावी अशी पोळी रविवारी रात्री मिळते, हे मलाही ठाऊक आहे. वरणात डाळ शोधायची तर आधी ते निवळावं लागतं. सोमवारी आलू-वांगे, मंगळवारी वांगे-आलू, आणि बुधवारी या दोघांचा रस्सा! पहिल्या वर्षाला मुंबईहून आलेल्या एकाने "भाजीत वरून सांबार टाका" हे ऐकून वाटी पुढे केली होती. आपल्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यालाही आता सवय झाली. सांगायचं एवढंच, की तक्रारी खऱ्या आहेत. माझं भांडण त्यावर सुचवलेल्या उपायाशी आहे.

आधी हिशेब बघू. महिन्याचे ३,४०० रुपये आपण आगाऊ भरतो. दोन वेळचं जेवण आणि नाश्ता. नाश्ता बाजूला ठेवला तर महिन्याची ६० ताटं, म्हणजे एका ताटाला जवळपास ५७ रुपये. कागद फिरवणाऱ्यांचं म्हणणं असं, की एवढ्यात बाहेर याहून चांगलं मिळतं. एखाद्या दिवशी मिळेलही. पण रोज दोन वेळा, पोटभर, पोळी मोजल्याशिवाय? नागपुरात ५७ रुपयांत असं कुठे मिळत असेल तर पत्ता द्या, मी पण येतो.

पण समजा मिळालं, तरी माझा मुद्दा शिल्लक राहतोच. पैसे हातात आले तर ते जेवणावरच खर्च होतील, हे कशावरून?

मी मुकुटबनचा. झरी-जामणी तालुका, यवतमाळ जिल्ह्याचं एकदम टोक, पलीकडे तेलंगणा. २०२२ साली गावाजवळ सिमेंटचा कारखाना सुरू झाला, त्यामुळे इथे बऱ्याच जणांना वाटतं की तिकडे आता पैसाच पैसा असेल. आमच्याकडे अजून कापूस आणि तूरच आहे. कापसाच्या घरात पैसा दिवाळीनंतर येतो आणि होळीच्या आत जातो. जूनमधे बियाणं आणि खत, ते उधारीवर. त्यामुळे घरच्या अडचणी कॅलेंडर लावून येतात. आणि होस्टेलच्या पोराच्या खात्यात तीन-साडेतीन हजार पडून आहेत हे माहीत असताना घरून फोन आला, की औषधं आणायची आहेत, बहिणीची फी भरायची आहे, तर तो पोरगा काय म्हणेल? "आई, ते जेवणाचे आहेत" असं म्हणेल? एकही पोरगा असं म्हणत नाही. तो हजार रुपये पाठवतो आणि सांगतो, "माझं होते इकडे."

होते कसं, ते मी पाहिलंय. पहिल्या सेमिस्टरला मला होस्टेल मिळालं नव्हतं. आम्ही चौघं खोली करून राहायचो. डब्याचे पैसे प्रत्येकाच्या हातात. एक ते दहा तारीख दोन्ही वेळचा डबा. दहा ते वीस एकच डबा, त्यात दोन वेळा भागवायचं. वीसनंतर सकाळी तर्री-पोहे आणि रात्री मॅगी, नाहीतर "आज भूक नाही यार". चौघांनाही एकाच तारखेपासून भूक लागत नव्हती, हा योगायोग नसतो! आमच्यातला एकही जण उधळ्या नव्हता. खोलीचं भाडं चुकवता येत नाही, झेरॉक्सवाला उधार देत नाही, बसचं तिकीट काढावंच लागतं. काटकसर करायला पोट तेवढं मोकळं असतं, कारण पोट नोटीस पाठवत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधे पेपर सुरू झाले तेव्हा आम्ही अशा पोटाने एम-वन सोडवत होतो.

दुसऱ्या सेमिस्टरला होस्टेल मिळालं आणि मेस लागली. जेवण काही आईच्या हातचं नव्हतं, आजही नाही. पण महिन्याची पंचवीस तारीख आली तरी रात्री आठला ताट असतंच. ते ताट घरी पाठवता येत नाही, त्याचा रिचार्ज मारता येत नाही, ते फक्त खाता येतं. मला मेसचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

हा वाद फक्त आपल्या होस्टेलचा नाही. राज्यभर तो मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांमधली भोजनाची सोय बंद करून पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचा निर्णय घेतला. मोठ्या शहरांत महिन्याला ३,५०० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ३,००० रुपये. वरवर बघता हे आपल्या कागदावरच्या मागणीसारखंच आहे. कंत्राटदारांच्या जेवणाबद्दल तक्रारी होत्याच, मग पैसेच द्या आणि मोकळे व्हा! पण ज्यांच्या खात्यात हे पैसे पडणार होते, तीच मुलं विरोधात उभी राहिली. जुलै २०१८ मधे पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे विद्यार्थी पायी निघाले. पैसे नकोत, मेस पाहिजे, ही त्यांची मागणी होती. माझा तालुका कोलाम वस्तीचा. गावातून पहिल्यांदाच शहरात शिकायला आलेल्या पोराला मेस म्हणजे काय असते, हे मला वेगळं समजवावं लागत नाही. ती बंद झाली की त्याला शिकायला आलेल्या शहरात आधी बाजार, गॅस आणि भांडी शोधावी लागतात.

ज्यांना वसतिगृहच मिळत नाही, त्यांच्यासाठी रोकड हवीच. २०१६-१७ पासून स्वाधार आणि स्वयम् या योजना आल्या. त्या सुरू झाल्या तेव्हा नागपूर-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते, त्यातले ३२,००० भोजनाचे. दहा महिन्यांचा हिशेब धरला तर महिन्याला ३,२००. त्यामुळे हजारो मुलं शहरात टिकली, हे मान्यच आहे. पण तो नाइलाजाचा मार्ग. हप्ता कधी जमा होईल याची वाट किराणा दुकानदार बघत नाही. ज्यांच्याकडे मेस आहे, त्यांनी ती आपणहून मोडून त्या रांगेत का जायचं?

थोडं मागे जाऊन बघा. पूर्वी गरीब घरचा विद्यार्थी शहरात वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. तेही वार सगळ्या जातींच्या मुलांना मिळत नसत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसली. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं. या माणसांनी मुलांच्या हातात पैसे ठेवून "जा, जेवून ये" म्हटलं नाही. आधी चूल पेटवली. आज पंजाबरावांच्या नावाने जो वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो तो रोख मिळतो. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास ऐकून वरण घट्ट होत नाही. बरोबर! मग वरणाकडेच येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी रोजच्या ताटाचं प्रमाण दिलंय. २,००० कॅलरीच्या आहारात डाळी, कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम. आपल्या मेसला आपण २०० जण. अंडी-मांस रोज नसतंच, म्हणजे सगळं डाळी-कडधान्यांवर. २०० गुणिले ८५, झाले १७ किलो. आपल्या मेसमधे रोज १७ किलो डाळ-उसळ शिजते का? मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, कारण खरेदीचं रजिस्टर आपल्याला कधी दिसलंच नाही. चार वर्षं आपण वरणाला शिव्या देतो, पण डाळ किती किलो आली हे विचारत नाही. इंजिनिअर म्हणवून घेतो, आणि इनपुट न मोजता आउटपुटवर बोंब मारतो!

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. एक, पीठ, डाळ, तेल आणि भाजी आठवड्याला किती आली, हे मेसच्या बोर्डावर लागलं पाहिजे. दोन, मेस कमिटीत प्रत्येक मजल्याचा एक जण हवा आणि दर महिन्याला बदलायला हवा. एकच सेक्रेटरी वर्षभर राहिला की त्याच्या ताटात पनीर जास्त दिसायला लागतं. तीन, खाडा. सध्या सलग चार दिवस गैरहजर असलो तरच पैसे कापून मिळतात. आदल्या रात्री नाव लिहिलं तर एका दिवसाचाही खाडा धरावा. जवळ घर असलेल्यांचा सगळा राग या एका नियमावर आहे, आणि तो रास्त आहे. चार, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकर आणि बेसन. ज्वारी आपल्याच भागात पिकते, आणि ते ताट परत कुणी अर्धं टाकून उठणार नाही. पाच, प्रॅक्टिकल किंवा लायब्ररीमुळे उशीर झालेल्यांचं ताट झाकून ठेवणं. आणि हो, अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, मेसलाही परवाना लागतो. तो भिंतीवर लावलेला असायला पाहिजे. आपल्याकडे त्या जागी गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे.

यातली एकही गोष्ट मेस ऐच्छिक झाल्यावर मिळणार नाही. २०० जणांची मेस ७० वर आली की तीच भाजी महाग पडते, मग दर वाढतो, मग ७० चे ४० होतात. ज्यांना परवडतं ते हॉटेलात जातील, ऑर्डर मागवतील. उरतील ते वीस तारखेला "भूक नाही" म्हणणारे. ते कुठल्याही कागदावर सही करायला येत नाहीत, म्हणून त्यांचं इथे लिहिलं.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर आपण मेसमधेच बसू. पेन आणा, कॅल्क्युलेटर आणा. आणि मेसवाल्याला आधीच सांगून ठेवा, की या महिन्याचं रजिस्टर काढून ठेव.