दिवट्याची मजुरी

कल्पित जगांतील साहसाचे खेळ खेळणाऱ्या मंडळींत एक रीत रूढ झाली असून ती चातुर्याचें लक्षण म्हणून मिरविली जाते. भुयाराच्या तोंडाशीं पोंचल्यावर गांवांतून रोजावर आणलेल्या गड्यास पुढें घालावें, सापळा असेल तर तो त्याच्या अंगावर पडूं द्यावा, आणि मग नायकांनीं त्याच्या प्रेतावरून निर्धास्तपणें पलीकडे जावें. कोणी हरकत घेतलीच तर ‘अहो, तो कागदावरचा माणूस!’ असें हंसून उत्तर मिळतें. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो अमेरिकेंत १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. एक सूत्रधार जगाचें वर्णन करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि संशयाच्या जागीं फासे निर्णय देतात, असा त्याचा थोडक्यांत प्रकार. प्रत्येक पात्राला बळ, बुद्धि वगैरे सहा गुण असतात. त्यांपैकीं सहावा गुण व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा. आजचे खेळाडू त्याचा उपयोग गोड बोलून काम साधण्याकडे करतात. पण पहिल्या पुस्तिकेंत या गुणावरून मुख्यतः पात्राला किती सेवक मिळतील आणि ते कितपत एकनिष्ठ राहतील हें ठरत असे. चाकर आणि धनी यांचा संबंध हा त्या खेळाच्या पायांतला दगड होता, मागाहून लावलेली झालर नव्हे.

सूत्रधारासाठीं १९७९ सालीं निघालेल्या जाड ग्रंथांत रोजंदारीचा एक तक्ताच दिला आहे. हमाल, सुतार, गवंडी, शिंपी यांच्या ओळींत मशाल धरणारा पोरगाहि आहे, आणि त्याची मजुरी रोज एक चांदीचें नाणें. त्या हिशेबांत अशीं वीस नाणीं मिळून सोन्याचें एक होई. हा पोरगा हवेंतून आलेला नाहीं. गॅसचे दिवे येण्यापूर्वीं लंडनच्या रस्त्यांवर पैसे घेऊन पादचाऱ्यांपुढें मशाल धरणारीं मुलें खरोखरच असत. आपल्याकडे त्याला दिवट्या म्हणत. आतां या दिवट्याची स्थिति पाहा. त्याच्या हातांत शस्त्र नाहीं, कारण हातांत दिवटी आहे. अंधारांतून बाण आला तर तो प्रथम उजेडावर येणार, म्हणजे त्याच्यावरच. एक मशाल तासभर टिकते. ती विझली कीं तलवारबहाद्दर आणि मांत्रिक दोघेहि आंधळे. सगळ्या मंडळींचे डोळे ज्याच्या मुठींत, त्याचें नांव मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. (आमच्या भाषेंतल्या ‘बुणगे’ या शब्दांतहि हीच तुच्छता भरलेली आहे, हें कबूल केलें पाहिजे.)

पण त्या जुन्या नियमांत एक शहाणपण होतें, आणि आमचा सारा वाद त्याच्यासाठीं आहे. टॉम मोल्डव्हे यांनीं १९८१ सालीं सिद्ध केलेल्या सुलभ आवृत्तींत प्रत्येक अनुचराला मनोधैर्याचा आंकडा असतो. धन्याच्या प्रभावाप्रमाणें तो चारापासून दहापर्यंत. संकट अपेक्षेबाहेर वाढलें कीं सूत्रधार दोन फासे टाकतो, आणि बेरीज त्या आंकड्याच्या वर गेली कीं गडी पळतो. सामान्य धन्याच्या गड्याचा आंकडा सात. म्हणजे छत्तिसांत पंधरा वेळां तो पाठ दाखविणार. ही युक्ति युद्धखेळांतून आली. तेथें ती पलटणींना लागू होती. येथें ती एका माणसापाशीं आली आणि तिचा अर्थच बदलला. तो फासा खेळाडूच्या हातांत नाहीं. मजुरी दिली म्हणून जीव विकत मिळाला नाहीं, हें सांगणारी ती एकच जागा.

‘कागदावरचा माणूस’ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतों, कीं मग तुमचा नायक कशाचा आहे? तो पडला कीं त्याचें प्रेत खांद्यावर घेऊन मंडळी नगराकडे धांवतात आणि मेलेल्यास उठविणारा पुरोहित शोधून त्यापुढें सोन्याची रास ओततात. गड्याचें प्रेत जागच्या जागीं राहतें. अंगावरचें चिलखत तेवढें काढून घेतात. लुटींत वाटा कबूल करून आणलेला गडी वाटणीपूर्वींच मरेल अशा बेतानें त्याला पुढें धाडणारे महाभागहि आहेत, आणि हा हिशेब ते खेळ संपल्यावर मोठ्या कौतुकानें सांगतात. येथें कागद आडवा येत नाहीं. कल्पनेंत कोणाला माणूस धरावें आणि कोणाला काठी, ही निवड खेळणाऱ्यानेंच केलेली असते, आणि ती करतांना त्याच्यावर कोणाचीहि सक्ति नसते.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. प्रत्येकामागें तीनतीन गडी असले कीं लढाईचें एक वळण संपण्यास घटका जाते आणि खेळ हिशेबनिसाची वही होतो. हें खरें आहे, आणि यासाठीं कोणी गडी आणूंच नये असें ठरविलें तर आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती मधल्या मार्गाची. २०१४ सालच्या आवृत्तींत अकुशल गड्याचा रोज दोन चांदीचीं नाणीं आणि कुशलाचा दोन सोन्याचीं असा भाव दिला आहे. तेथें दहा चांदीचें एक सोनें. म्हणजे सोन्याच्या मापानें अकुशलाची मजुरी जुन्या दिवट्याच्या चौपट झाली! पण मनोधैर्याचा आणि निष्ठेचा नियम ऐच्छिक म्हणून बाजूला ठेवला, आणि ऐच्छिक नियम बहुतेक टेबलांवर पोंचतच नाहींत. गडी भाव देऊन मिळतो, पळत मात्र नाहीं. असल्या प्राण्याला आमच्या कोशांत मजूर हा शब्द नाहीं.

आमची मागणी लहान आहे. गडी आणावयाचा तर मजुरी त्याच्याशीं बोलून ठरवावी, त्याचें नांव नोंदवावें, आणि सूत्रधारानें त्याचा फासा सर्वांसमक्ष टाकावा. फासा उलटा पडला तर पोरगा दिवटी टाकून जाईल, ती ओल्या दगडावर चुरचुरत विझेल, आणि नायकांना चकमक धुंडाळीत बसावें लागेल.