समोरच्या भिंतीची मक्तेदारी

समाईक कामासाठी कचेऱ्यांतून आणि विद्यापीठांतून जे संगणकीय कक्ष बांधले जातात, त्यांच्या मांडणीविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की त्याचे समर्थन करण्याची गरजही आता कोणास भासत नाही. ते मत असे की, समोरच्या भिंतीवर ऐपतीप्रमाणे जास्तीत जास्त मोठा पडदा लावावा, सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून मांडाव्यात, आणि सर्वांची दृष्टी एकाच चित्रावर स्थिर झाली म्हणजे सहकार्य आपोआप सिद्ध होईल. हे मत मला साफ अमान्य आहे.

या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे, मी पाहतो तेच सर्वांनी पाहावे, हे तत्त्व. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनसंस्थेत मार्क स्टेफिक आणि त्यांचे सहकारी यांनी ‘कोलॅब’ नावाच्या कक्षात त्याची रीतसर परीक्षा घेतली होती. दोन ते सहा माणसे, प्रत्येकापुढे संगणक आणि दर्शनी भागी स्पर्शाने चालणारा मोठा पडदा, अशी ती तजवीज होती. परंतु १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखांतून निष्पन्न झाले ते हे की, हे तत्त्व कडकपणे पाळल्यास कामाची अडवणूकच होते, आणि म्हणून ज्यांनी ते मांडले त्यांनाच ते शिथिल करावे लागले.

दुसरा दाखला ह्यूस्टनच्या अवकाशनियंत्रण कक्षाचा देतात. तेथे अपोलोच्या काळी समोर भव्य पडदे होते हे खरे. पण प्रत्येक नियंत्रकापुढे त्याचे स्वतंत्र यंत्रासन होते, कानाशी संभाषणाची तार होती, आणि साहाय्यकांची पथके निराळ्या खोल्यांत बसलेली होती. समोरचा पडदा स्थिती दाखवीत असे; मसलत चाले ती अन्यत्र. पहारा आणि मसलत ही दोन भिन्न कार्ये होत, आणि एकाची बैठक दुसऱ्यावर लादणे हा या रूढ मांडणीचा मूळ दोष आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. पडद्याची तार ज्याच्या लॅपटॉपला जोडलेली, सभा त्याच्या ताब्यात. दुसऱ्याला आपला नकाशा शेजारी ठेवून भेद दाखवायचा असेल, तर पहिली तार काढावी लागते, आणि ज्याच्याशी तुलना करावयाची तो नकाशाच त्या क्षणी नाहीसा होतो. मग टेबलाच्या टोकाशी बसलेला कनिष्ठ सहकारी ‘राहू द्या, नंतर पाठवतो’ म्हणून गप्प बसतो. ज्या कक्षाची रचनाच शंका घेणाऱ्याला मागे ढकलते, त्याला समाईक म्हणणे मला पटत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्मांडो फॉक्स, टेरी विनोग्राड प्रभृतींनी उभारलेल्या कक्षात याहून समंजस योजना होती: बाजूच्या भिंतीवर ओळीने स्पर्शसंवेदी तीन पडदे, दर्शनी भागी बारीक तपशील दाखवणारा एक, आणि मधोमध असे टेबल की ज्याच्या पृष्ठभागावरच चित्र उमटे. बसल्या जागेवरून कोणालाही आपल्या माऊसचा दर्शक कोणत्याही पडद्यावर नेता येई. जर्मनीत डार्मश्टाट येथे बसवलेली ‘डायनावॉल’ ही पडदाभिंत सुमारे साडेचार मीटर लांब, पण उंचीला जेमतेम १.१ मीटर होती. या मापातले मर्म ओळखले पाहिजे. हात पोचेल तेथवरच पडदा हे कामाचे साधन. त्यावरचा भाग केवळ पाहण्याचा.

पडदे अनेक झाले की चित्त विखुरते, असा आक्षेप घेतात. सर्वच पडद्यांवर चित्रे हलत राहिली तर तो रास्त आहे. परंतु एका पडद्यावर चालू मसुदा, दुसऱ्यावर त्याचीच मागील आवृत्ती आणि तिसऱ्यावर संमत झालेल्या कलमांची यादी स्थिर ठेवली, तर चित्ताला उलट आधार मिळतो, कारण आठवणीवरचा भार भिंत उचलते. खर्चाचा मुद्दा तर टिकतच नाही. एका अवाढव्य पडद्याच्या किमतीत मध्यम आकाराचे तीन बहुधा सहज येतात.

राहिला दूरगावाहून सहभागी होणाऱ्यांचा प्रश्न. एकच पडदा असला की, कागद उघडताच त्यांचे चेहरे कोपऱ्यातल्या चौकटीत आक्रसतात आणि सभा त्यांना विसरते. त्यांच्यासाठी टेबलाच्या मोकळ्या टोकाला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर निराळा पडदा असावा, कॅमेरा त्याला अगदी लगटून असावा, आणि त्या पडद्यावर कोणताही कागद उघडण्यास सक्त मनाई असावी.