आधी झाकण उघडा

कम्प्युटर मध्येच बंद पडला की आपण एकतर त्याला शिव्या घालतो किंवा घरी नव्याचा हट्ट धरतो. माझं म्हणणं आहे, आधी झाकण उघडावं. हे काम फक्त सायन्सवाल्यांचं, असं आम्ही आर्ट्सवाल्यांनी मानू नये.

आम्ही मूळचे वसईचे. आईच्या नोकरीमुळे घर सोनकच्छला. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजी सांगेल तशा तिच्या आठवणी टाइप करत होते. पंधरा-वीस मिनिटं झाली की स्क्रीन काळी! गेलेलं पान आजी पुन्हा सांगायची, पण तेच तसंच नाही. एका दुकानदाराने न उघडताच निदान केलं, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या."

खरं तर तो कधी बंद पडतो, हे आधी पाहायचं. बटण दाबून काहीच होत नसेल किंवा लाइट फडफडल्याबरोबर बंद होत असेल, तर सॉकेट, केबल, यूपीएस आणि एसएमपीएसकडे बघा. घरात येणाऱ्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून एसएमपीएस आतल्या भागांना देतो. पण काही वेळ नीट चालून बंद पडत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा उष्णता. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते १०० अंशांच्या आसपास गेलं की बरेच प्रोसेसर आधी वेग कमी करतात. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

आमचं दुखणं हेच होतं. प्लग काढून झाकण उघडलं, तर हीटसिंकमध्ये माळव्याच्या काळ्या मातीची गादीच! पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने धूळ काढली, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली आणि भिंतीला टेकलेलं कॅबिनेट पुढे ओढलं. एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो. ते काम कारागिराचंच.

सगळं स्वतःच दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. पण लक्षणं नीट सांगता आली, तर दुकानात निदान प्रश्न तरी विचारता येतात. आणि मजकूर रोज पेनड्राइव्हवर ठेवा. कम्प्युटर नवा मिळतो, आजीने पहिल्यांदा सांगितलेलं पान मिळत नाही.