नवरा अडवतो, तालमूद नव्हे

इस्रायलमध्ये ज्यू बाईला काडीमोड हवा असेल तर दिवाणी न्यायालय तो देऊ शकत नाही. 1953च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे सोपवले आणि तिथे आजही तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मकायद्याच्या ग्रंथातला नियम चालतो: नवऱ्याने स्वखुशीने ‘गेत’, म्हणजे सोडचिठ्ठी, बायकोच्या हातात ठेवली तरच ती मोकळी. न ठेवली तर ती ‘अगुना’. संसार मोडलेला, पण दुसरं लग्न करता येत नाही. दुसऱ्या पुरुषापासून मूल झालंच, तर त्या मुलाला पुढे इतर ज्यूंशी लग्न करायची बंदी. हे हत्यार हाती असल्यावर काही नवरे घर मागतात, पैसे मागतात, मुलांवरचा हक्क सोडायला लावतात. तालमुदाचा आजच्या ज्यू जीवनाशी काय संबंध, असं विचारणाऱ्याने या बायकांना भेटावं.

एवढं ऐकून तालमुदाला दोष देणं सोपं आहे. आम्ही तो देणार नाही, कारण त्याच ग्रंथाचा ‘येवामोत’ हा भाग वेगळं सांगतो. एरवी या कायद्यात दोन पुरुष साक्षीदारांशिवाय पान हलत नाही. पण नवरा परमुलखात गेला, मेल्याची बातमी आली, तर एकच साक्षीदार पुरतो. बाईची साक्ष चालते, गुलामाची चालते, ऐकीव माहितीही चालते. कारण रब्बींनी उघड सांगितलं आहे: बाई अडकून पडू नये. ही सूट बेफिकिरीतून आलेली नाही. तिथेच रब्बी अकिवांची गोष्ट आहे. रब्बान गमलिएलांनी त्यांचं जहाज फुटताना पाहिलं, अकिवा गेले म्हणून शोक केला. किनाऱ्याला लागतात तो अकिवा समोर हजर. जहाजाची एक फळी हाताला लागली होती आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेपुढे त्यांनी मान वाकवली होती. म्हणून अथांग समुद्राच्या बाबतीत रब्बी सावध राहिले. माणूस असा परतू शकतो हे ठाऊक असूनही बाकीच्या बायकांसाठी त्यांनी वाट काढली.

ती वाट बुजलेली नाही. 1973च्या योम किप्पुर युद्धानंतर शेकडो सैनिकांचे मृतदेह मिळाले नव्हते किंवा ओळखता येत नव्हते. इस्रायलचे तेव्हाचे सेफार्दी मुख्य रब्बी ओवाद्या योसेफ यांनी ही प्रकरणं तपासून त्यांच्या बायकांना पुन्हा लग्नाची मोकळीक दिली. 2001 मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा तिथल्या रब्बी न्यायालयाने पुन्हा हीच पानं उघडली. डीएनए आणि फोनच्या नोंदी जुन्या कसोट्यांवर घासून पाहिल्या.

मग नवरा जिवंत असून हटून बसला की ही करुणा कुठे जाते? तालमूद इथेही गप्प नाही. सोडचिठ्ठी देणं भाग असेल तर नवरा राजी होईपर्यंत त्याच्यावर सक्ती करावी, असं तो सांगतो. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने त्याची उकल केली: धर्माप्रमाणे वागावं ही ज्यू माणसाची मुळातली इच्छा असते, सक्तीने फक्त वरचा हट्ट जातो. इस्रायलच्या 1995च्या कायद्याने रब्बींच्या हाती पासपोर्ट, वाहन परवाना, बँकेचं खातं अडवण्याचे आणि तुरुंगात धाडण्याचे अधिकार दिले. तरी बरेच दयान, म्हणजे या न्यायालयांचे न्यायाधीश, कचरतात. जबरदस्तीने मिळवलेली सोडचिठ्ठी बाद ठरेल अशी त्यांना धास्ती असते. धास्ती खोटी नाही, तिलाही तालमुदात आधार आहे. पण दोन मतं समोर असताना दरवेळी बाईला महाग पडणारं मत उचलणं ही धर्मनिष्ठा नव्हे.

या कायद्याची झळ मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीही सोसली आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांनी शनिवार पाळला, सुंता पाळली, पण शतकानुशतकं तालमूद त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. इस्रायलमध्ये तेच आडवं आलं: तुमच्या आज्या-पणज्यांच्या सोडचिठ्ठ्या नियमाप्रमाणे झाल्या कशावरून? 1961 मध्ये मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्याशी लग्नाला हरकत नाही म्हटलं आणि पुढच्याच वर्षी वंशावळी तपासण्याचा हुकूम काढला. 1964 मध्ये या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि मग त्या हुकमातून त्यांचं नाव निघालं. तालमूद तोच होता. रब्बींनी तो पुन्हा वाचला तो माणसं रस्त्यावर बसल्यावर.

आता हे वाचन बायकाही करतात. 1990च्या दशकापासून तालमूद शिकलेल्या बायकांना रब्बी न्यायालयात ‘तोएनेत’ म्हणून अशिलाची बाजू मांडता येते. दयानांनी विसरलेलं मत त्या त्यांच्यासमोर काढून ठेवतात. अमेरिकेतल्या सनातनी रब्बींनी आणखी एक तोड काढली आहे: लग्नाआधीच करार करायचा, की जोडपं वेगळं झाल्यावर सोडचिठ्ठी देईपर्यंत नवऱ्याने रोज ठरलेली रक्कम भरायची. बायकोला पोसण्याची तालमुदातली जबाबदारीच त्यात वापरली आहे. इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने असा करार प्रत्येक लग्नाच्या नोंदणीला सक्तीचा करावा. त्यासाठी तालमुदातलं एक अक्षरही बदलावं लागत नाही.